आमचा रस्ता धोकादायक आहे, हे सिद्ध करताना

महापालिकेचा माणूस आमच्या दारात उभा राहिला आणि "या रस्त्याबद्दल तुमचं मत काय?" असं त्याने हसून विचारलं, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. महापालिकेने आजवर माझ्याकडे कर मागितला आहे, खुलासे मागितले आहेत, एकदा तर वारलेल्या वडिलांचा हयातीचा दाखलाही मागितला आहे. मत कधी मागितलं नव्हतं. त्यातून हा माणूस पायपुसण्याला बूट पुसून आत आला. सरकारी माणूस बूट पुसून आत येतो तेव्हा तो काहीतरी घेऊन जायला आलेला असतो, हे शहाण्याला सांगायला नको.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोक माझ्यासमोर बसून सांगतात की आमची गाडी उभीच होती, खांब येऊन आदळला. मी ऐकून घेतो, मान डोलावतो आणि मग खांबाकडे चौकशीला जातो. संशय हा माझा स्वभाव नसून पेशा आहे, असं मी बायकोला नेहमी सांगतो. ती म्हणते, "मग तो ऑफिसात ठेवून येत जा."

आलेला माणूस रस्ते विभागातला इंजिनिअर होता. अंगाने काटकुळा, काखेत छत्री, खिशात मोजपट्टी. त्याने समजावून सांगितलं की रस्ते सुरक्षित करण्यासाठी शहरांना अनुदान देणारा एक मोठा निधी आहे. आमच्या शहराने दोन रस्त्यांचे अर्ज केले आहेत, एक आमचा आणि एक स्टेशनरोडचा. मिळालंच तर एकालाच मिळेल. आमचा निवडला तर मधोमध दुभाजक होईल, म्हाताऱ्या माणसाला अर्ध्यात थांबायला बेट होईल, सिग्नल लागेल.

"आणि आमचं काय जाईल?" मी विचारलं.

"काही नाही. फक्त रहिवाशांचा पाठिंबा पाहिजे."

'काही नाही' या दोन शब्दांखाली लोकांनी काय काय दडवलेलं असतं, ते मी रोज फाइलींमधून उकरून काढतो. मी नुसता हुंकार दिला. तेवढ्यात आतल्या खोलीतून आई बाहेर आली.

"म्हणजे मला पलीकडे जाता येईल का हो?" तिने इंजिनिअरला विचारलं.

पलीकडे माझी मावशी राहते. पलीकडे म्हणजे दुसऱ्या गावात नव्हे, समोरच्या इमारतीत, आमच्या बाल्कनीच्या नाकासमोर. रस्ता रुंद झाल्यापासून या दोघी बहिणी आपापल्या बाल्कनीत उभ्या राहून एकमेकींकडे बघत फोनवर बोलतात. मधून ट्रक गेला की दोघी थांबतात, तो गेला की राहिलेल्या वाक्यापासून पुढे सुरू करतात. गाडी करून जायचं तर पुलाखालून लांबचा वळसा घ्यावा लागतो आणि गाडीत बसलं की आईला कोपऱ्यापर्यंतही धीर निघत नाही, मळमळायला लागतं. एकदा हिंमत करून ती पायी निघाली होती. निम्म्यात पोचली आणि पुढून एक बस, मागून एक बस, अशी मधे उभी राहिली. शेवटी खालच्या औषधवाल्याने तिला हाताला धरून परत आणलं. एक चप्पल तिथेच राहिली. त्या दिवसापासून तिने रस्त्याशी अबोला धरला होता. मावशीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हाही आईने तिची चौकशी बाल्कनीतून केली, आणि मावशीच्या डोळ्यावर पट्टी असल्यामुळे तिला हात केलेलाही दिसला नाही. त्या रात्री आई जेवली नाही.

"येईल ना, आजी," इंजिनिअर म्हणाला. "त्यासाठीच तर चाललंय."

माझ्या आईला परक्या माणसाने आजी म्हटलं की मी अधिक सावध होतो.

त्याच आठवड्यात सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात इमारतीची बैठक भरली. आमचे सेक्रेटरी गेली कित्येक वर्षं बिनविरोध निवडून येतात, कारण दुसऱ्या कुणाला ते काम नको आहे, पण त्यांना वाटतं लोकप्रियता आहे. ते म्हणाले, "हे सगळं नाटक आहे. यांचा डोळा आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर आहे." औषधवाल्याला वाटत होतं की दुकानापुढची स्कूटर लावायची जागा जाणार. पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले की रस्ता खोदतील आणि बुजवायला विसरतील, आणि दात उपटण्याच्या अनुभवावरून त्यांचं म्हणणं होतं की खड्डा करणं सोपं असतं. मला मात्र वेगळीच शंका आली. रस्ता सुरक्षित झाला तर औषधवाल्याच्या मलमपट्ट्यांचा खप कमी होईल, हे तो बोलत का नव्हता? मी ती शंका मनातच ठेवली. शेवटी असं ठरलं की इंजिनिअरवर कुणीतरी नजर ठेवावी, आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. हा माझा गौरव होता की थट्टा, यावर बायकोचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.

मी रजा टाकली. इंजिनिअर रोज सकाळी यायचा, घडीचं स्टूल मांडून छत्रीखाली बसायचा आणि रस्त्याकडे बघत राहायचा. मी औषधवाल्याच्या दुकानात वजनकाट्यामागे उभा राहून त्याच्याकडे बघत राहायचो. मधूनच तो उठायचा, दोन्ही बाजू पाहून रस्त्यात शिरायचा आणि खडूने एक फुली मारून परत यायचा. मी हे सेक्रेटरींना कळवलं. त्यांचा चेहरा उतरला. "फुली म्हणजे पाडापाडी," ते म्हणाले. "माझ्या सासुरवाडीत आधी फुल्याच आल्या होत्या." सगळ्यात मोठी फुली आमच्या फाटकासमोरच होती.

दुपारी तो डबा खायला बसला, तेव्हा मी बादली आणि खराटा घेऊन रस्त्यात उतरलो. हेतू शुद्ध होता, भिंत वाचवण्याचा. एक फुली पुसली, दुसरीवर पाणी ओतलं आणि तेवढ्यात कानाशी असा हॉर्न वाजला की मी बादली सोडून उडी मारली. आयुष्यात मी एवढी लांब उडी शाळेतसुद्धा मारली नव्हती. बादली बसखाली गेली. खराटा माझ्या हातातच राहिला, आणि तो भाल्यासारखा धरून मी पदपथावर उभा होतो, असं नंतर मला अनेकांनी सांगितलं.

इंजिनिअरने डब्याचं झाकण लावलं, रुमालाला हात पुसले, शांतपणे रस्त्यात आला आणि मी जिथून उडी मारली होती तिथे खडूने एक फुली मारली.

"हे काय?" मी विचारलं.

"हे तुम्ही," तो म्हणाला. "जिथे जिथे माणूस थोडक्यात वाचतो, तिथे खूण करतो. अर्जाबरोबर नकाशा द्यायचा असतो."

मी रस्त्याकडे पाहिलं. सगळीकडे फुल्या होत्या. आमच्या फाटकासमोरची मोठी फुली एकच नव्हती, एकावर एक कितीतरी मारलेल्या होत्या. आई दोन बसांच्या मधे अडकली होती ती जागाही हीच, हे माझ्या लक्षात आलं आणि मी खराटा खाली टेकवला.

मी बैठकीत उभं राहून सगळ्यांना पटवलं. माणसाला एकदा पटलं की तो इतरांवर संशय घेऊ लागतो, तसं माझं झालं. जो जो कुरकुर करेल, त्याला मी विचारू लागलो, "तुम्हाला रस्ता सुरक्षित व्हायला नको का? का नको?" बघता बघता सगळी इमारत अनुदानाच्या बाजूने झाली. आई तर मावशीला फोनवर रोज नवी बातमी द्यायची. "सिग्नल बसला की सकाळी भाजी तुझ्याकडेच निवडायला आणेन," असं ती सांगत होती आणि समोरून मावशी मान हलवत होती.

मग निधीची माणसं रस्ता पाहायला येण्याची तारीख ठरली. आदल्या आठवड्यात इंजिनिअर आला आणि आम्हाला एकत्र बसवून म्हणाला, "एकच विनंती आहे. काहीही करू नका. रोज जसं असतं तसंच राहू द्या."

एवढं सांगून तो जिना उतरला.

"काहीही करू नका?" माझी बायको म्हणाली. "पाहुणे येणार आणि काहीच करायचं नाही?"

मुद्दा बिनतोड होता. आमच्यात मीटर वाचणारा येणार असला तरी बायको जिन्यावरचे बूट आत घेते. सेक्रेटरींना वाटलं की बाहेरची मंडळी आपल्याबद्दल काय म्हणतील. आणि मला आणखी एक गोष्ट खटकत होती. मी या माणसाला स्टेशनरोडवर दोनदा चहा पिताना पाहिलं होतं. स्टेशनरोड म्हणजे आमचा प्रतिस्पर्धी. मनात जोडाजोड केली आणि सगळं लख्ख दिसलं. आमचा रस्ता गबाळा दिसावा, आम्ही मूर्ख ठरावं आणि पैसा स्टेशनरोडला जावा, म्हणून हा आम्हाला हातावर हात ठेवून बसायला सांगत होता. मी हे बोलून दाखवलं. सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. असे क्षण माझ्या वाट्याला थोडे येतात, म्हणून हा मला नीट आठवतो.

मग आम्ही कंबर कसली. औषधवाल्याने गिऱ्हाइकांच्या स्कूटर मागच्या गल्लीत पाठवल्या. दंतवैद्यांनी दवाखान्यातल्या कुंड्या पदपथाच्या कडेला ओळीने मांडल्या. बायकोने इमारतीतल्या बायकांना घेऊन कठडा धुतला. मी हातात लाल कापड घेऊन गाड्या हळू करायला उभा राहणार होतो. सगळ्यांवर कडी सेक्रेटरींनी केली. त्यांचे मेहुणे वाहतूक शाखेत मोठ्या जागेवर आहेत. त्यांनी मेहुण्यांच्या कानावर घातलं आणि मेहुण्यांनी शब्द दिला की त्या दिवशी चौकाचौकात शिपाई उभे राहतील आणि एकही ट्रक आमच्या रस्त्याला फिरकणार नाही.

"मग ट्रक जातील कुठून?" मी विचारलं.

"जातील कुठूनतरी," सेक्रेटरी म्हणाले. त्यातली गोम मला तेव्हा कळली नाही.

त्या दिवशी सकाळी मी बाल्कनीत आलो तर रस्ता ओळखू येईना. पाखरांचा आवाज ऐकू येत होता. गाड्या एकामागोमाग एक, अदबीने, जणू कुणाच्या घरी कुणी आजारी आहे असं समजून जात होत्या. निधीच्या बाई आणि त्यांच्याबरोबरचे गृहस्थ आले. बाईंच्या डोक्यावर मोठी टोपी होती आणि गृहस्थांच्या हातात कॅमेरा. दोघे पदपथावर उभे राहिले. थोड्या वेळाने एक कुत्रं रस्त्यात आलं. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. कुत्रं मधे उभं राहून गोंधळून इकडेतिकडे बघू लागलं, कारण त्याच्याही आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"फारच छान," बाई म्हणाल्या. "इथली माणसं किती समजूतदार आहेत."

मी इंजिनिअरकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. त्याने माझ्या हातातल्या लाल कापडाकडे पाहिलं, कुंड्यांकडे पाहिलं, शिपायांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे तुम्ही केलंत?"

त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. पैसा धोकादायक रस्त्याला मिळणार होता. आणि मी, ज्याने उभ्या हयातीत लोकांच्या ठेचलेल्या गाड्या तपासल्या, त्याने स्वतःची ठेचलेली गाडी धुऊन पुसून तपासणीला उभी केली होती. असा दावा घेऊन कुणी माझ्यासमोर आला असता, तर मी त्याला चहासुद्धा विचारला नसता.

अजून वेळ गेलेली नव्हती. मी लाल कापड खिशात कोंबलं आणि दंतवैद्यांना म्हटलं, "तुमची गाडी काढा आणि जोरात या. मी समोर येतो, तुम्ही करकचून ब्रेक मारा." दंतवैद्य आले, पण हळू आले, आणि काच खाली करून म्हणाले, "आधी तुम्ही व्हा पुढे." मग मी स्वतःच डोळे मिटून रस्त्यात घुसलो. सगळ्या गाड्या थांबल्या. एका शिपायाने धावत येऊन माझा दंड धरला आणि "चला, आजोबा," म्हणत मला पलीकडे नेऊन सोडलं. माझे केस थोडे पिकले आहेत, हे खरं, पण त्याला अजून आजोबा म्हणत नाहीत. कॅमेरावाल्या गृहस्थांनी त्याचाही फोटो काढला.

मी पलीकडे उभा राहून घाम पुसत होतो, आणि तेव्हा आमच्या फाटकातून आई बाहेर आली.

तिने ठेवणीतले कपडे घातले होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पदपथाच्या कडेला ती क्षणभर थांबली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि खाली उतरली. इंजिनिअर पलीकडून मला खुणा करत होता, थांबवा, त्यांना थांबवा. त्याचं बरोबर होतं. म्हातारी बाई एकटी रस्ता ओलांडून गेली की सगळंच संपलं. मी नुसतं "आई, थांब," म्हटलं असतं तरी ती थांबली असती, कारण ती माझं ऐकते. मी तोंडही उघडलं होतं. पण माझ्या शेजारी, समोरच्या इमारतीच्या दारात, मावशी येऊन उभी राहिली होती. जाड चष्म्यातून ती रस्त्याकडे बघत होती आणि "ये, ताई, ये, हळू ये," असं पुटपुटत होती. माझ्याने हाक मारवली नाही. खरं सांगायचं तर मला रडू आलं, आणि ते लपवायला माझ्याजवळ ते लाल कापडच होतं.

आई आली. मावशीने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी जिन्याकडे वळल्या. टोपीवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

पाहुणे गेले, शिपाई गेले आणि दुपारचा चहा व्हायच्या आत ट्रक परत आले. दरम्यान ते जिथून गेले, तो स्टेशनरोड निघाला. आमच्याकडून पाहुणे थेट तिकडे गेले होते आणि शहरातले सगळे ट्रक त्यांना तिथे एकत्र भेटले. बाईंची टोपी उडून चाकाखाली गेली म्हणतात. अनुदान स्टेशनरोडला मिळालं. आम्हाला निधीकडून अभिनंदनाचा फलक आला, 'आदर्श सुरक्षित रस्ता'. तो फाटकासमोर लावला, आणि लावला त्याच दिवशी एका टेम्पोने पाडला.

इमारतीत जो तो दुसऱ्यावर संशय घेऊ लागला. सेक्रेटरी औषधवाल्यावर, औषधवाला दंतवैद्यांवर. माझ्यावर तर सगळ्यांचं एकमत होतं. मी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण माझ्यापुढे वेगळाच पेच होता. आई परत येत नव्हती.

पहिल्या दिवशी म्हटलं, राहू दे, बहिणीकडे गेली आहे. मग बायकोने आईचं कपाट उघडलं. औषधं नव्हती, दुसरा चष्मा नव्हता, उशीसुद्धा नव्हती.

"उशी कधी नेली?" मी विचारलं.

"त्या पिशवीत होती वाटतं," बायको म्हणाली. "आणि निघताना त्या 'येते' नाही म्हणाल्या हो, 'जाते' म्हणाल्या. मला वाटलं, चुकून."

आठवडाभर मी इंजिनिअरवर पाळत ठेवली होती, औषधवाल्यावर ठेवली होती, स्टेशनरोडच्या चहावर ठेवली होती. घरातल्या घरात एक बाई उशी बांधत होती, तिच्यावर मात्र माझी नजर गेली नाही. मी बाल्कनीत जाऊन तिला फोन लावला. ती समोरच्या बाल्कनीत आली.

"तुला ठाऊक होतं, तू परत येणार नाहीस," मी म्हणालो.

"अरे, मला एवढंच ठाऊक होतं की असा दिवस पुन्हा येणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही सगळे मिळून रस्ता आवरत होता, तेव्हाच मी ठरवलं."

मधून एक ट्रक गेला, आणि तो गेल्यावर मी तिला औषधांच्या वेळा विचारल्या.

वर्षभराने इंजिनिअर पुन्हा आला. पुन्हा बूट पुसले. निधीचे नवे अर्ज निघाले होते. "या वेळी तुमच्याच घराचं उदाहरण द्यायचा विचार आहे," तो म्हणाला. "आई एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला. पण आधी आईंना विचारा, त्यांना परत यायचंय का. नाहीतर आपण लिहायचं एक आणि त्या सांगायच्या दुसरंच."

शंका रास्त होती. मी त्याच्यासमोरच फोन लावला. आई बाल्कनीत आली. वर्षभरात ती थोडी वाकली होती, आणि मला ते एवढ्या लांबून दिसत होतं.

"यायचंय रे," ती म्हणाली. "न यायला काय झालं? पण तुझ्याकडे आले की तिच्याकडे जाता येत नाही आणि तिच्याकडे आले की तुझ्याकडे येता येत नाही. हा रस्ता मला सारखा विचारतो, दोघांतलं कोण हवं? माझ्या वयाच्या बाईला असं विचारू नये म्हणावं."

मी फोन ठेवला. इंजिनिअरला विचारलं, "सही कुठे करायची?"

त्याने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि मग पेन दिलं.